पेसमेकर बसवलाय आणि वेल्डिंग करताय? मग या चुका टाळा

माझं शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि डाव्या कॉलरबोनखाली पेसमेकर आहे, त्यामुळे असेल, पण ओळखीतून ओळखीतून फोन येत राहतात, "दादा, वेल्डिंग चालतं का हो?" मी उलटं विचारतो, पेसमेकर आहे का आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र? तिकडे शांतता. डिस्चार्जला मिळालेलं कार्ड कपाटात पडलेलं असतं. अरे बाबा, ते आधी पाकिटात ठेव, त्यावर मॉडेल लिहिलेलं असतं, आणि चालतं का नाही ते तुझा हार्टचा डॉक्टर ते मॉडेल बघून सांगणार, मी नाही.

आणि डॉक्टरला नीट सांगा. मी सांगितलं होतं "फॅब्रिकेशनचा बिझनेस आहे". त्यांना वाटलं साहेब ऑफिसात बसतात. वेल्डिंगचा रॉड पकडतो तो होल्डर मी स्वतः धरतो हे बोललोच नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, केबल खांद्यावर टाकणे. आपल्याकडे प्रत्येक वेल्डर टाकतो, ओढ बसत नाही म्हणून. मीपण टाकायचो. पेसमेकर बसवून तीन महिने झालेले, एका सोसायटीचं गेट, आदल्या रात्री पाऊस. केबल उजव्या खांद्यावर घेतली, म्हटलं पेसमेकर डावीकडे आहे ना, मग काय. अर्थिंगचा क्लॅम्प लावला पार पंधरा फुटांवरच्या खांबाला कारण तिथं रंग उडालेला होता, घासायचा कंटाळा, दुसरं काय. रॉड दमट, आर्क धरेना, म्हणून टक टक टक टक आपटत बसलो. दहाबारा वेळा आपटला असेल आणि डोळ्यांपुढे काळं आलं, काच वर करायचंही सुचेना, मटकन खाली बसलो. हेल्पर पोरगं हुशार, पळत जाऊन मेन बंद केला. दोन मिनिटांत बरा झालो, पण नंतर डॉक्टरांनी छातीवर तो प्रोग्रॅमरचा वँड (पेसमेकरमधली नोंद वाचायचं साधन) ठेवून बघितलं तर त्याच वेळेची गडबडीची नोंद आत होती.

झालं काय, तर पेसमेकर हृदयाचे बारीक सिग्नल ऐकत असतो, मिलिव्होल्टमधले. रॉड टक टक केला की करंट चालू-बंद होतो आणि त्याला तेच ठोके वाटतात, मग तो म्हणतो हृदय चाललंय की, मी थांबतो. आयसीडीवाल्यांचं उलटं, त्याला वाटतं ठोके भयानक वाढलेत आणि तो शुद्धीत असलेल्या माणसाला शॉक देतो. म्हणून रॉड धरला नाही तर हात लांब घ्या, पाचदहा सेकंद थांबा, मग परत. हल्लीच्या पोरांना एवढाही दम नसतो. दमट रॉड मी आता वापरतच नाही, वाळवतो.

क्लॅम्पचंही तसंच. "लोखंड ते लोखंड, कुठंही लाव" हे डोक्यातून काढा. वेल्डिंगचा टाका जिथं मारायचाय त्याच्या जवळ क्लॅम्प लावा, घासून, घट्ट. होल्डरची आणि अर्थिंगची केबल शेजारी शेजारी चालवा, मी टेपनं बांधून टाकल्यात, दोघींची फील्ड बरीचशी एकमेकींना मारते. आणि दोन केबलींच्या मधे उभं राहू नका. उरलेल्या केबलचं वेटोळं करून त्यावर बसणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना काय बोलणार.

अंतराचं म्हणाल तर आर्क आणि छाती यात किमान दोन फूट, मशीन पाचएक फूट लांब. करंटची मर्यादा म्हणून १६० अँपिअर हा आकडा कंपन्यांच्या सूचनांमध्ये बऱ्याचदा दिसतो, कुठं त्याहून कमीही असतो, तुमच्या मॉडेलचं विचारा. माझं गेट-ग्रिलचं काम १२ नंबरच्या रॉडवर ७०-८० मध्ये होतं, उगाच डायल फिरवत नाही. आर्गन (टिग) वेल्डिंग आणि प्लाझ्मा कटिंग मी पोराकडे दिलंय. आर्गनला हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असतो, नको ती कटकट. गॅस वेल्डिंगला हा त्रास नाही, तिथं करंटच नसतो.

मॅग्नेट अँगल, म्हणजे लोखंड काटकोनात धरून ठेवणारं चुंबक, शर्टाच्या खिशात. हे वाचून हसाल, पण जाऊन स्वतःचा खिसा बघा. मॅग्नेट छातीशी आला की पेसमेकर ठरलेल्या स्पीडने ठोके द्यायला लागतो, आणि आयसीडी बहुतेक वेळा शॉक द्यायचाच थांबतो, म्हणजे गरज पडली तरी. निदान सहा इंच लांब. ग्राइंडरही छातीला टेकवून धरू नका, फूटभर लांब ठेवा.

ओले हातमोजे, ओले बूट, ओली फरशी, नाही म्हणजे नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी शेडवर येणारेही असतात. आतली वायर पक्की बसायला काही आठवडे जातात, तोवर डावा हात वर करून ओव्हरहेड मारायला लागलात तर ती सरकू शकते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नुसते बिलं लिहा.

एकट्यानं काम नको. चक्कर, धडधड किंवा शॉक, काहीही झालं तर होल्डर सोडून मशीनपासून लांब जा आणि डॉक्टरला फोन करा, "एवढा टाका मारतो आणि बघतो" नाही. माझ्या हेल्परला मी रोज सकाळी आधी मेन स्विच कुठं आहे ते विचारतो, मग चहा.