छोट्या एफएम केंद्रात वॉट कुठे गळतात

छोट्या देशात, जिथे एका टेकडीवरच्या केंद्रावर अख्खा जिल्हा अवलंबून असतो, तिथे बहुतेक पैसा ट्रान्समीटरवर खर्च होतो आणि केबल-अँटेनाला उरलंसुरलं मिळतं. खर्चाची वाटणी उलटी हवी.

९८ मेगाहर्ट्झवर १०० वॉटचा ट्रान्समीटर आणि त्यातून अँटेनापर्यंत शक्ती नेणारी ३० मीटर आरजी-२१३ जातीची केबल घ्या. केबलमध्ये साधारण २ डीबी (डेसिबल, शक्तीच्या घटीचं माप) जातात, म्हणजे अँटेनापर्यंत ६३ वॉटच पोहोचतात. तिच्याजागी तितकीच लांब, आत फोम असलेली अर्धा इंची केबल असेल तर ८६ वॉट पोहोचतात. ट्रान्समीटर तोच, वीजही तितकीच.

उंचीचा हिशेब आणखी बोलका आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. अडथळा नसेल तर क्षितिज साधारण तितके किलोमीटर दूर. ३० मीटरच्या टॉवरला २२-२३ किलोमीटर मिळतात. आजूबाजूच्या जमिनीपासून ३०० मीटर उंच टेकडीवर ७१. म्हणून वॉट वाढवण्याआधी टेकडी शोधा, आणि नियामकाकडून फ्रिक्वेन्सी, जागा व शक्ती या तिन्हींची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय टॉवरचा पाया खणू नका.

अर्धतरंग डायपोल म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतका, दोन सारख्या बाजूंचा साधा अँटेना. त्याची लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ९८ ला १४६ सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक बाजू ७३. गाडीचा आणि खिशातल्या रेडिओचा अँटेना बहुधा उभा असतो, म्हणून डायपोलही उभाच लावा. टॉवरच्या लोखंडापासून तो निदान ७५ सेंटीमीटर बाहेर ठेवा, आणि केबल काटकोनात मागे आणा. ती डायपोलला चिकटून खाली सोडली तर तीच अँटेनासारखी वागू लागते आणि मापं बिघडतात.

बिघाडांचं सगळ्यात मोठं कारण वरच्या कनेक्टरमध्ये शिरणारं पाणी. कनेक्टर घट्ट केल्यावर आधी पीव्हीसी टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढे उघडताना चिकटा राहत नाही. त्यावर रबरी टेप, निम्म्या रुंदीपर्यंत ताणून. सगळ्यात वर उन्हाला टिकणारी पीव्हीसी टेप, आणि ती खालून वर गुंडाळायची: कौलं जशी एकावर एक येतात तशी, म्हणजे पाणी थरांवरून ओघळतं, आत शिरत नाही. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून टपकतील. अर्धा इंची केबल १३ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका.

पाणी शिरलंय का, हे ओळखताना एक फसगत होते. ओल्या केबलमध्ये जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा शक्ती विरते, त्यामुळे खाली एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) उलट चांगला दिसतो आणि आवाज मात्र दूरवर पोहोचत नाही. खात्री करायची तर ट्रान्समीटर बंद करून वरच्या टोकाला अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोधक) लावा, मग चालू करून आधी खाली, नंतर वर शक्ती मोजा. फरक अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर टोक कापून पाहा. केबलच्या आतली तांब्याची जाळी काळी-हिरवी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा; तसं लागलंच नाही तर केबल बदला.

पहिल्यांदा चालू करताना डमी लोडवर ट्रान्समीटर तपासा, मग अँटेनावर १० वॉट. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, चालतं. २ असेल तर ११ टक्के येते. तिथे थांबा, कारण शोधा, मगच वाढवा. लो-पास फिल्टर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं अडवणारा भाग) काढून टाकण्याचा मोह आवरा: ९८ चा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल, १९६ वर येतो, तिथे टीव्हीचा पट्टा आहे. टॉवरवर कोणी चढत असेल तर ट्रान्समीटर बंद, आणि त्याच्या स्विचची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात; अपवाद फक्त वर सांगितलेल्या, अँटेना सोडवून डमी लोडवर केलेल्या मोजणीचा.

अर्थिंग टॉवरचं, केबलच्या कवचाचं आणि विजेच्या पुरवठ्याचं एकत्र जोडलेलं हवं. वेगवेगळे खड्डे ठेवले तर वीज कोसळताना त्यांच्यातला विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक ट्रान्समीटरमधूनच वाट काढतो. एकत्रित रोध १० ओहमच्या आत ठेवा. खडकाळ टेकडीवर एका सळईने भागत नाही, टॉवरभोवती तांब्याची पट्टी पुरून तिला अनेक सळया जोडाव्या लागतात.

बॅटरीसाठी: १०० वॉट बाहेर देणारा ट्रान्समीटर साधारण २०० वॉट खातो. १२ तासांचे २४०० वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नसते, म्हणून २४ व्होल्ट, २०० अँपिअर-तास.

पहिल्या कोरड्या दिवशी पुढे जाणारी आणि परत येणारी शक्ती मोजा आणि तारखेसह ट्रान्समीटरच्या दारावर चिकटवा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच मीटरने पुन्हा मोजून खाली लिहा.