गाडीत अल्कोहोल इंटरलॉक बसवल्यावर: तास कसे मोजावेत, फुंक कशी मारावी

मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या चालकाला पुन्हा गाडी चालवण्याची मुभा द्यायची, पण गाडीत अल्कोहोल इंटरलॉक बसवण्याच्या अटीवरच, असा कायदा आज अनेक देशांत आहे. हे उपकरण गाडीच्या स्टार्टरच्या सर्किटमध्ये जोडलेले असते. चालकाने त्यात फुंकायचे, आणि श्वासातले मद्य ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तर किल्ली कितीही फिरवली तरी गाडी सुरू होत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००५ साली पहिल्याच गुन्ह्यापासून सर्व दोषी चालकांना ते सक्तीचे केले, आणि फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांत ते असावेच लागते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत असे लॉक जोडता येण्याची सोय असणे बंधनकारक आहे. त्यावरून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत लॉकच बसवलेले येते असा जो समज पसरला आहे, तो मात्र खरा नाही.

हे मार्गदर्शन ज्यांच्या गाडीत लॉक बसले आहे किंवा बसणार आहे त्यांच्यासाठी, आणि तीच गाडी वापरणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘मला काही चढलेली नाही’ हे तुमचे मत लॉक विचारात घेत नाही. ते फक्त श्वासातले मद्य मोजते. म्हणून स्वतःला कसे वाटते आहे यावर विसंबणे सोडून शेवटच्या घोटानंतर किती तास गेले हे मोजण्याची सवय लावली, तर पुढच्या बहुतेक अडचणी उभ्याच राहत नाहीत.

उपकरणाच्या आत एक फ्यूएल सेल असतो. श्वासातले इथेनॉल त्याच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पोहोचले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. मद्य जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. फुप्फुसांच्या तळातून येणाऱ्या सुमारे २१०० मिलिलिटर हवेत जितके मद्य असते, तितकेच १ मिलिलिटर रक्तात असते, असे गृहीत धरून श्वासावरून रक्तातले प्रमाण काढले जाते. अनेक ठिकाणी लॉकची मर्यादा ०.०२ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. सर्वसाधारण चालकांसाठीची कायदेशीर मर्यादा बहुतेक ठिकाणी यापेक्षा जास्त असते, त्यामुळे ‘एखादा पेग कायद्यात बसतो’ हा जुना हिशेब लॉकपुढे चालत नाही.

आता तासांचा हिशेब. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सकाळच्या फेरीची. यकृत मद्याचा निचरा आपल्या गतीने करते, आणि ही गती सरासरीने ताशी ०.०१५ टक्के इतकीच असते. मध्यरात्री रक्तातले प्रमाण ०.१२ टक्के असेल, तर ते ०.०२ वर यायला आणखी ०.१० टक्के उतरावे लागते, म्हणजे पावणेसात तासांच्या जवळपास वेळ जातो. लवकर उठून, आंघोळ करून, नीटनेटके कपडे घालून पहाटे सहाला गाडीत बसलेला माणूस स्वतःला ताजातवाना समजतो; पण त्याच्या रक्तात अजून ०.०३ टक्के मद्य असते आणि लॉक गाडी सुरू होऊ देत नाही. कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, भरपेट नाश्ता किंवा व्यायाम यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. शिवाय ०.०१५ ही सरासरी आहे, काहींचा निचरा त्याहून सावकाश होतो; म्हणून हिशेबाने आलेल्या वेळेत निदान दोन तासांची भर घालावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायचीच असेल, तर आदल्या रात्री मद्याला हात न लावणे हाच खात्रीचा मार्ग आहे. लॉकच्या काळात मद्यपानावरच बंदीचा आदेश असेल, तर हा हिशेब करण्याचा प्रश्नच येत नाही.

ज्यांनी थेंबही घेतलेला नाही, त्यांचीही चाचणी कधी कधी अयशस्वी होते, आणि अशा वेळी माणूस हतबल होतो. याचे कारण बहुधा तोंडात राहिलेले मद्य असते. अनेक माउथवॉशमध्ये आणि खोकल्याच्या काही औषधांत मद्य असते, यीस्ट घालून केलेल्या ताज्या पावाचाही अंश तोंडात राहतो, आणि बंद गाडीत हातांना लावलेल्या सॅनिटायझरची वाफ उपकरणापर्यंत पोहोचू शकते. फुंकण्यापूर्वी पंधरा मिनिटे पाण्याखेरीज काहीही खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये, आणि साध्या पाण्याने नीट चूळ भरावी. तरीही रीडिंग आलेच, तर गाडीच्या काचा उघडाव्यात, पुन्हा चूळ भरावी आणि उपकरण सांगेल तितका वेळ थांबून दुसरी चाचणी द्यावी. तोंडातले मद्य काही मिनिटांत झपाट्याने उतरते, रक्तातले उतरत नाही. त्यामुळे दुसरे रीडिंग शून्यावर आले, तर लागोपाठच्या त्या दोन नोंदी तुमच्या बाजूने बोलतात. अशा वेळी तारीख, वेळ आणि तोंडात काय गेले होते हे एका वहीत लगेच लिहून ठेवावे.

फुंकण्याचे तंत्र दोन-तीन दिवसांत जमते. दीर्घ श्वास घ्यावा, मुखनळीभोवती ओठ घट्ट मिटावेत आणि उपकरणाचा आवाज थांबेपर्यंत एकाच जोराने फुंकावे. साधारण दीड लिटर हवा आत जावी लागते, कारण श्वासाच्या अखेरची हवाच फुप्फुसांच्या तळातून येते. काही उपकरणांत फुंकताना गुणगुणावे लागते किंवा फुंकून झाल्यावर हवा आत ओढावी लागते. हवेच्या पंपाने किंवा फुग्याने लॉक फसवता येऊ नये, यासाठी ती योजना असते. दमा असलेल्यांना किंवा वयस्कर माणसांना इतकी हवा जमली नाही, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन बसवणाऱ्या केंद्राशी बोलावे. कडाक्याच्या थंडीत सेन्सर गरम व्हायला वेळ लागतो, तेव्हा निघण्याच्या वेळेआधी थोडे लवकरच गाडीत बसावे.

गाडी सुरू झाली म्हणजे चाचणी संपली असे नाही. काही मिनिटांनी, आणि पुढे अनियमित अंतराने, उपकरण पुन्हा फुंकायला सांगते. बाहेर थांबलेल्या कोणी फुंकून गाडी सुरू करून द्यावी आणि प्यायलेल्याने ती चालवावी, हा प्रकार त्यामुळे थांबतो. ही चाचणी चुकली किंवा अयशस्वी झाली, तर चालती गाडी मध्येच बंद पडेल, ही भीती मनातून काढून टाकावी. इंजिन बंद होत नाही. प्रसंगाची नोंद होते आणि काही उपकरणे हॉर्न व दिवे चालू करतात. फुंकायला काही मिनिटांची मुदत मिळते, म्हणून घाबरून वळणावर मुखनळी तोंडाला लावू नये. सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी आणि मग फुंकावे.

घरातले दुसरे कोणी ती गाडी चालवणार असेल, तर त्यालाही प्रत्येक वेळी फुंकावे लागते आणि त्याचे रीडिंगही तुमच्याच नोंदीत जमा होते, हे त्याला आधी समजावून सांगावे. गॅरेजमध्ये बॅटरी काढली, तर ती छेडछाड म्हणून नोंदली जाऊ शकते; दुरुस्तीपूर्वी केंद्राला कळवावे आणि पावती जपून ठेवावी. ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी महिन्या-दोन महिन्यांनी, कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे उपकरणाचे मोजमाप तपासून अचूक करून घेण्यासाठी, गाडी केंद्रावर न्यावीच लागते. तारीख चुकली तर लॉक गाडी सुरू होऊ देत नाही. दुसऱ्याकडून फुंकवून घेणे अनेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे, आणि कॅमेरा असलेल्या उपकरणात फुंकणाऱ्याचा फोटोही निघतो.

लॉक गाडीत असेपर्यंत पुन्हा मद्यपान करून गाडी चालवण्याचे प्रमाण ठळकपणे घटते आणि ते काढल्यावर पुष्कळांच्या बाबतीत पूर्ववत होते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणून काढण्याची तारीख जवळ आली की शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदी मागवून घ्याव्यात आणि अयशस्वी रीडिंग कोणत्या वारी, किती वाजता आले ते पाहावे. बहुधा एकच वार आणि एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसते. त्या वारी गाडी घरीच ठेवायची, जाण्या-येण्याची दुसरी सोय आदल्या दिवशीच ठरवायची आणि किल्ली घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्यायची, ही व्यवस्था लॉक गाडीत असतानाच सुरू करावी. मद्य सोडणेच कठीण जात असेल, तर व्यसनमुक्तीचा उपचारही याच काळात घ्यावा आणि केंद्रावर जाऊन लॉक काढून घेतल्यानंतरही तो मध्येच सोडू नये.