सर्फबोर्डला फूटस्ट्रॅप बसवताय? या चुका टाळा

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरी वाळूजच्या माझ्या शेडमध्ये कूलर आणि टाक्यांच्या फायबरकामाशेजारी दोन-तीन सर्फबोर्ड कायम भिंतीला टेकून उभे असतात. आपल्याकडची काइटसर्फिंग करणारी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर पाण्यातून धावणारी पोरं रामेश्वरमला जातात, गोव्यातल्या मोरजीमला जातात आणि येताना फुटलेलं सामान घेऊन येतात. बहुतेक वेळा दुखणं एकाच जागी असतं: फूटस्ट्रॅप, म्हणजे पाय अडकवायचा पट्टा, जिथे बसवला, तिथेच बोर्ड फाटलेला.

नाथसागर उशाशी असताना एवढ्या लांब कशाला, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांचा काइट तिथे उडवायचा विचारही करू नका.

लातूरच्या माझ्या एका मित्राचा बोर्ड डोळ्यांसमोरून जात नाही. साधा लाटांवरचा सर्फबोर्ड, त्यावर बाहेरून स्ट्रॅप बसवून घेतलेले. रामेश्वरमला जेमतेम मीटरभर उडी मारली, पाण्यावर टेकला आणि मागचा स्ट्रॅप पायातच राहिला. स्ट्रॅपला स्क्रू शाबूत, स्क्रूला प्लग (स्क्रू ज्यात बसतो ते बोर्डातलं बूच) शाबूत आणि प्लगभोवती पुरीएवढी फायबरची चकती. बोर्डाला तेवढंच भोक. त्या भोकातून पाणी आत गेलं ते वेगळंच.

त्याला वाटत होतं, स्क्रू नीट आवळला नसेल. स्क्रूचा काहीच दोष नव्हता. स्ट्रॅप टिकतो तो बोर्डाच्या वरच्या कवचावर आणि त्याखालच्या फोमवर. लाटांवरच्या सर्फबोर्डवर माणूस नुसता उभा राहणार, एवढंच धरून त्याचं कवच पातळ ठेवलेलं असतं. भार वरून खाली येणार, हा हिशेब. काइट मात्र माणसाला वर उचलतो, बोर्ड पायांना लटकतो, आणि उतरताना तोच स्ट्रॅप आडवा-तिडवा पिळला जातो. हा ओढा बोटभर रुंदीच्या प्लगवर सोडायचा नसतो, तळहाताएवढ्या जागेवर पसरवायचा असतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

आत काय आहे ते न बघता भोक पाडणं

काइटसाठीच बनवलेल्या बोर्डात इन्सर्ट, म्हणजे स्क्रूचे प्लग, आधीच असतात आणि त्यांच्याखाली मजबुतीही असते. तुमच्या बोर्डात ते असतील तर निम्मं काम झालेलंच आहे. नसतील, तर आधी आतला फोम ओळखा. पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर ड्रिलच्या टोकाला पिठासारखा भुगा येतो. ईपीएस असेल तर साबुदाण्यासारखे गोल दाणे सुटे होऊन निघतात. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट.

हे ओळखणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की आपल्याकडे फायबरकाम म्हटलं की पॉलिस्टर रेझिन. कूलर त्याचाच, टाकी त्याचीच. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. गणपतीच्या मखराच्या थर्माकोलवर पेट्रोलचा थेंब पडला की कसा खड्डा पडतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वरून भोक छान भरलेलं दिसतं, आत मात्र प्लगच्या चारी बाजूंनी पोकळी झालेली असते. मित्राच्या बोर्डात नेमकं हेच झालं होतं. चकती निघाली त्याखाली फोमच नव्हता, नुसती चकचकीत भिंतीची गुहा.

म्हणून नियम सोपा ठेवा: शंका असो वा नसो, इपॉक्सीच वापरा. ते ईपीएसला चालतं आणि पीयूलाही.

इपॉक्सीला पॉलिस्टरची सवय लावणं

ही चूक नवखे करत नाहीत, मुरलेले कारागीर करतात. पॉलिस्टरमध्ये हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) थोडा जास्त पडला तर माल लवकर सेट होतो, एवढंच. हाताच्या अंदाजावर वर्षानुवर्षं काम चालतं. इपॉक्सीचा हिशेब वेगळा आहे. तिथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना जोडले जातात. हार्डनर जास्त झाला तर उरलेला हार्डनर तसाच आत राहतो आणि माल कायमचा मऊ राहतो, चिकट राहतो. डब्यावर प्रमाण वजनाचं दिलंय की मापाचं, हेही वाचा. दोन्ही आकडे सारखे नसतात. अशा छोट्या कामाला वीस-तीस ग्रॅमच लागतं, त्यामुळे ग्रॅमचा दशांश दाखवणारा लहान काटा घ्या. अंदाज नको.

आपल्याकडचा उन्हाळा हा यातला दुसरा शत्रू. साधारण दहा अंश तापमान वाढलं की इपॉक्सी हातात राहण्याचा वेळ निम्म्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असताना दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पेलाभर इपॉक्सी कालवलं, तर ते पेल्यातच तापून धुरायला लागतं. तेच खोल भोकात ओतलं तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. भोवतीचा थर्माकोल मऊ पडून आक्रसतो. म्हणजे रेझिन बरोबर निवडूनही पोकळी तयार! मी हे काम पहाटे करतो, शेड थंड असताना, आणि भोक एका दमात भरत नाही. अर्धं भरायचं, ते निवून घट्ट होऊ द्यायचं, मग उरलेलं. पूर्ण ताकद यायला आठवडा जातो. दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागलं म्हणून लगेच पाण्यात नेऊ नका.

प्लग थेट थर्माकोलमध्ये बसवणं

प्लगच्या मापाचं भोक, त्यात इपॉक्सी, त्यात प्लग, वरून फिनिशिंग. दिसायला सुंदर, आणि पहिल्या मोठ्या उडीला उपटून येणारं. बरोबर काम असं: प्लगच्या जागी आधी घट्ट पीव्हीसी फोमचा ठोकळा बसवायचा, शक्यतो खालच्या कवचापर्यंत पोचणारा, म्हणजे वरचं आणि खालचं कवच एकमेकांना बांधलं जातं. प्लग त्या ठोकळ्यात. मग वरून फायबरग्लास कापडाचे दोन-तीन थर, खालचा लहान, त्यावरचा मोठा, कडा एकाच रेषेत न येतील असे. कडा एका रेषेत आल्या की तडा तिथूनच जातो.

त्याआधी मेण काढा. सर्फबोर्डवर घासलेलं मेण डोळ्यांना दिसत नाही तिथेही असतं आणि त्यावर रेझिन धरत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पुसा आणि मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. आधी पॉलिश पेपर मारला तर मेण ओरखड्यांत आणखी खोल जातं.

आणि ड्रिलच्या बिटला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. टेलकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, बोर्ड पातळ होत जातो. पुढच्या स्ट्रॅपला चाललेली खोली मागच्याला तळातून बाहेर निघते.

जागा टेपने ठरवणं

दुसऱ्याच्या बोर्डवरून माप घेऊन भोकं पाडलेली मी कितीतरी पाहिली. दोन स्ट्रॅपच्या मध्यांतलं अंतर मोठ्या माणसाला साधारण ४५ ते ५५ सेंटिमीटरमध्ये येतं खरं, पण ते तुमच्या मांड्या ठरवतात. फिन (तळाला बसवलेले कल्ले) काढून बोर्ड जुन्या गादीवर ठेवा. डोळे मिटून जागच्या जागी हलकी उडी घ्या, गुडघे वाकवून उतरा, पाय आहेत तिथे दुसऱ्याला खडूने खुणा करायला सांगा. चार-पाच वेळा केलंत की खुणा एकाच जागी जमायला लागतात.

मागचा पाय फिनांच्या वर किंवा किंचित पुढे हवा. फार पुढे गेला तर बोर्ड वळवायला जोर पोचत नाही. फार मागे गेला तर टेल बुडतं आणि वाऱ्याच्या उलट दिशेने वर चढताना बोर्ड अडून बसतो. लाटांवर चालवणार असाल तर दोन्ही स्ट्रॅप मधल्या रेषेवरच ठेवा. पाय बदलला तरी दोन्ही बाजूंना सारखंच जमतं.

स्क्रू

प्लग दोन जातींचे. एकात धातूचे आटे असतात, त्यात बहुधा एम-सहाचा बोल्ट जातो. दुसरा साधा प्लास्टिकचा. त्यात स्क्रू स्वतःच आटे पाडतो. यांची अदलाबदल झाली तर पहिले दोन-तीन फेरे छान घट्ट लागतात आणि मग आटे जातात. टॉर्च मारून आत बघा, धातू चकाकतोय का. खोली मोजायला खराट्याची काडी पुरते: प्लगमध्ये घाला, नखाने खूण धरा, मग स्क्रूशी ताडून बघा, स्ट्रॅप आणि वॉशरची जाडी स्क्रूच्या लांबीतून वजा करायला विसरू नका. स्क्रू लांब पडला तर प्लगचा तळ फोडून फोममध्ये शिरतो आणि पाण्याला सरळ रस्ता मिळतो.

स्टेनलेस ३१६ ग्रेडचंच घ्या. ३०४ आपल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं चकाकतं, समुद्राच्या पाण्यात त्यावर तांबूस ठिपके यायला लागतात. शेवटचे फेरे हातानेच द्या, गनने नाही. आट्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा, नाहीतर मीठ बसून स्क्रू जाम होतो आणि काढताना प्लगच फिरतो.

स्ट्रॅप फिरत असेल तर स्क्रू आवळत सुटू नका. टोकाला एकच स्क्रू असेल तर खाली दातेरी वॉशर हवा, किंवा प्रत्येक टोकाला दोन स्क्रूंची रचना. स्क्रू आवळूनही हलत असेल तर हलतोय तो प्लग, आणि ते काम परत वर लिहिलेल्या ठोकळ्यापासून सुरू.

मापाचं एवढंच: पाय घातल्यावर बोटं पुढून दिसली पाहिजेत, पाऊल घोट्यापर्यंत आत जाता कामा नये. सैल स्ट्रॅपमध्ये पाय आत सरकतो आणि पडताना अडकतो. गुडघे आणि घोटे असेच जातात. इथे कोणाचंही ऐकून तडजोड करू नका.

पाणी आत गेलंय का, कसं ओळखायचं

पंक्चरवाल्याची युक्ती इथेही चालते. बोर्डाला हवेचा स्क्रू (आतली हवा बाहेर सोडायचं छोटं झाकण) असेल तर तो बंद ठेवा, बोर्ड दहा-पंधरा मिनिटं कोवळ्या उन्हात धरा आणि प्रत्येक प्लगभोवती साबणाचं पाणी लावा. आतली हवा फुगते. फट असेल तिथे बुडबुड्यांची बारीक माळ उठते. कोवळं ऊन म्हणजे सकाळचंच. दुपारच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलेला ईपीएसचा बोर्ड इतका फुगतो की कवच फोमपासून सुटतं. रामेश्वरमपर्यंतच्या दोन दिवसांच्या प्रवासात म्हणूनच हवेचा स्क्रू उघडा ठेवायचा आणि पाण्यात उतरण्याआधी आठवणीने बंद करायचा.

बुडबुडे दिसले तर लगेच वरून इपॉक्सी फासू नका. पाणी आत कोंडलं जाईल आणि फोम सडका वास मारायला लागेल. स्ट्रॅप काढा, फटीची जागा थोडी उघडा आणि भोक खाली येईल असा बोर्ड सावलीत टांगा. फेब्रुवारी-मार्चची आपली कोरडी हवा या कामाला फार चांगली. रोज एकाच वेळी बोर्डाचं वजन करून भिंतीवर लिहीत जा. लातूरच्या त्या बोर्डाला अठरा दिवस लागले. सलग तीन दिवस काटा एकाच आकड्यावर थांबला, तेव्हाच मी नवा ठोकळा कापायला घेतला.