धूळ जिथं उडते तिथं उभं राहा

सांगलीत रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, काही वर्षं लॅबमध्ये काढली, मग इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा करून कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, रुजू झाले. सुरक्षेच्या या कामात येऊ पाहणारी मुलंमुली विचारतात, आधी काय वाचू? मी सांगते, आधी एक अख्खी पाळी शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथं, उभं राहून काढा.

माझी पहिली मोजणी वाया गेली. धुळीचा सॅम्पलिंग पंप मी दाराजवळच्या स्टँडवर लावला होता, तिथं कुणाचा धक्का लागणार नव्हता म्हणून. आकडा छान आला. फेटलिंगवर, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथं, वर्षानुवर्षं ग्राइंडर धरलेले एक मामा जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, धूळ हितं उडतीया, मशिन तिकडं का लावलंय?"

पंप माणसाच्या कमरेला बांधायचा आणि धूळ गोळा करणारा सॅम्पलर कॉलरला, नाकातोंडापासून साधारण 30 सेंटिमीटरच्या आत. शक्यतो पूर्ण पाळीभर. हवेचा प्रवाह सुरू करण्याआधी तपासायचा आणि संपल्यावर पुन्हा. सोबत वहीत लिहायचं : त्या दिवशी किती कास्टिंग (ओतलेले भाग) घासली, नॉकआउट (वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) चालू होतं का, पंखा कुठल्या बाजूला होता. या नोंदीशिवाय लॅबच्या रिपोर्टवरचा आकडा मुका राहतो.

फाउंड्रीतली खरी भीती वाळूतल्या सिलिकाची. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बरीचशी नाकातच अडते. फुफ्फुसाच्या तळाशी पोचते ती बारीक, न दिसणारी. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. कारखाने अधिनियम 1948 च्या दुसऱ्या परिशिष्टात या बारीक धुळीसाठी सूत्र दिलं होतं : 10 भागिले (धुळीतल्या क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची, टक्केवारी अधिक 2). क्वार्ट्झ 18 टक्के असेल तर मर्यादा दर घनमीटर हवेत 0.5 मिलिग्रॅम. हे गणित हातानं सोडवून बघा, वाळू बदलली की मर्यादा का बदलते ते लगेच कळतं.

उपकरण हातात नसेल तेव्हा पत्र्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप बघा. तिच्या एका बाजूला उभं राहून उजेडाच्या दिशेनं पाहिलं की एरवी न दिसणारी धूळ तरंगताना दिसते. मालकाला पटवायला याहून चांगला पुरावा मला मिळाला नाही.

मग नियंत्रण. नवखा माणूस लगेच मास्कची ऑर्डर काढतो. मीही काढली होती. पण मास्क शेवटी. आधी विचारायचं : कास्टिंगला चिकटलेली वाळू शॉट ब्लास्टिंगच्या (धातूच्या बारीक गोळ्यांचा मारा करणाऱ्या) बंद मशिनमध्ये निघेल का? कपडे आणि जमीन कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडणं बंद करून व्हॅक्यूम वापरता येईल का? मग धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट. तो ग्राइंडरच्या अगदी लगत हवा. डक्टच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं की ओढ जेमतेम दहा टक्के उरते. आमच्याकडचा हूड, म्हणजे एक्झॉस्टचं तोंड, हातभर लांब होता; मोटर नवी घेण्याआधी आम्ही तो जवळ आणला. एवढं करूनही धूळ उरते, तेव्हा मास्क, आणि तोही चेहऱ्यावर नीट बसणारा. दाढीवर तो बसत नाही, हे आदरानं पण स्पष्ट सांगायला शिका. आणि धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

थिनरवरून आठवलं. पेंट शॉपमध्ये पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवलेला मी दोनदा पकडला. रसायनाची एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रिका, फायलीत असून भागत नाही, बाटलीवर नाव मराठीत आणि हिंदीत लागतं. सुरक्षा अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यावी, अशी नियमातच अट असते. आता फेटलिंगवर बिहार, उत्तर प्रदेशातली पोरंही आहेत, तेव्हा हिंदी पक्की करा.

आणि एक मोजणी पावसाळ्यात हमखास घ्या. पावसाची झड आत येते म्हणून शटर खाली ओढलं जातं, आणि उन्हाळ्यात आलेला छान आकडा तेव्हा खरा राहत नाही.