तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी बनवताय? मोटर सगळ्यात शेवटी घ्या

बहुतेक जण काय करतात, आधी मोटर-कंट्रोलरचं किट मागवतात, मग त्यात बसेल असा सांगाडा वेल्ड करतात आणि उरलेल्या जागेत बॅटरी कोंबतात. आम्हीपण तेच केलं. बॅटरी गेली सीटखाली उंचावर, आणि पहिल्याच दिवशी रिकाम्या मैदानात डावीकडे जरा जोरात वळवली तर आतलं चाक जमीन सोडून वर, मी हँडलला लटकलेला आणि मित्र हसून बेजार. नशीब, गाडी परत खाली बसली.

तर पहिला निर्णय चाकांचा. पुढे एक मागे दोन (डेल्टा) केलं तर स्टिअरिंग सोपं पडतं आणि मागे माल किंवा माणसं बसवायला ऐसपैस जागा मिळते. पण वळणात ब्रेक मारला की वजन पुढच्या एकट्या चाकाकडे सरकतं आणि गाडी तिरकी कलंडायला बघते, शिवाय मागच्या दोन्ही चाकांना एकाच मोटरने ताकद द्यायची तर डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) लागतो. पुढे दोन मागे एक (टॅडपोल) ब्रेकिंगला खूप भरवशाची, पण स्टिअरिंगच्या लिंक नीट जुळवताना घाम निघतो. माल वाहायचा नसेल तर मी टॅडपोलच घेईन. खड्ड्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच, तीन चाकं तीन वेगळ्या रेघांवरून जातात त्यामुळे खड्डा मधे घेऊन निघायची सोय नाही.

आता खरं काम. लाकडी फळ्या आणि वाळूच्या पिशव्यांचा डमी सांगाडा करा, चालकाला बसवा आणि तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवा. एकट्या चाकावर एकूण वजनाचा एक तृतीयांश आला तर गुरुत्वमध्य त्या चाकापासून व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोन तृतीयांश अंतरावर आहे. समजा शेजारशेजारच्या दोन चाकांमधलं अंतर १२०० मिमी, म्हणजे अर्धं ६००; गाडीचा पाया एकट्या चाकाकडे निमुळता होत जातो, म्हणून गुरुत्वमध्यापाशी त्याचे दोन तृतीयांश, ४००. गुरुत्वमध्याची उंची ५०० मिमी असेल तर ४०० भागिले ५००, म्हणजे वळणात बाहेर ढकलणारा जोर ०.८ जी (वजनाच्या ०.८ पट) झाला की गाडी उलटायला लागेल. तोच गुरुत्वमध्य व्हीलबेसच्या बरोबर मधोमध असता तर ०.६. वाचताना फरक किरकोळ वाटतो, पण १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ०.६ म्हणजे ताशी जेमतेम २७ किमी आणि ०.८ म्हणजे ३१-३२. हे सगळं कागदावरचं हं, सस्पेन्शन झुकतं, टायर दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमीच धरा.

उंची काढायला सस्पेन्शन लॉक करून एकटं चाक ठोकळ्यावर उचला आणि दोन चाकांवरचं वजन किती वाढलं ते बघा. त्या वाढीला व्हीलबेसने गुणा, मग एकूण वजन गुणिले कलाच्या कोनाचा टॅन याने भागा, आणि चाकाची त्रिज्या मिळवा (तिन्ही चाकं सारखी असतील तर). कंटाळवाणं आहे पण एका दुपारचं काम आहे. आकडा आवडला नाही तर बॅटरी फ्लोअरखाली आणि दोन चाकांच्या बाजूला सरकवा, ती सगळ्यात जड आणि सगळ्यात सहज हलवता येणारी वस्तू आहे.

वजन कळलं की मोटर आपोआप ठरते. भरलेली गाडी ७०० किलो धरली तर सपाट रस्त्यावर ताशी २५ ला टायरचं घर्षण साधारण १०० न्यूटन आणि हवेचा विरोध ३० च्या आसपास, म्हणजे चाकाशी एक किलोवॅटसुद्धा लागत नाही. खरा घाम चढावर. १० टक्के चढ ताशी १० ने चढायचा तर साधारण ७९० न्यूटन, म्हणजे २.२ किलोवॅट, आणि चाकाची त्रिज्या २३ सेमी असेल तर चाकाशी १८० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क (फिरवण्याचा जोर). म्हणून गिअर रेशो चढावरून ठरवा, टॉप स्पीडवरून नाही, नाहीतर मोटर चढावर तापून बसते.

बॅटरी: थांबत-निघत चालवताना किलोमीटरला ६० वॅट-तास धरा. १०० किमी हवेत तर ६ किलोवॅट-तास, आणि बॅटरी ८० टक्केच वापरायची म्हटलं तर साडेसात. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) १६ सेल सिरीजमध्ये म्हणजे ५१.२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाचे घेतले की काम झालं. बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) हवाच, आणि शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. कंट्रोलरला प्रीचार्ज रेझिस्टर द्या, म्हणजे त्यातले कपॅसिटर हळूहळू भरतात, नाहीतर कनेक्टर जोडताना ते एकदम भरतात आणि जी ठिणगी उडते ती बघून पाणी प्यावंसं वाटतं. चार्जर लावलेला असताना गाडी चालूच होणार नाही असा इंटरलॉक पण टाका.

पहिली टेस्ट मोटरने फिरणारी चाकं जॅकवर उचलूनच. हॉल थ्रॉटल (चुंबकाच्या सेन्सरवर चालणारी वेगाची मूठ) सोडलेला असताना साधारण ०.८ व्होल्ट देतो आणि पूर्ण पिळला की ४.२ च्या आसपास, पण त्याची ग्राउंड वायर तुटली तर व्होल्टेज वर चढतं आणि कंट्रोलरला वाटतं तुम्ही फुल पिळलाय. तेव्हा चाकं जॅकवर असतानाच ती वायर मुद्दाम काढून बघा. मोटर थांबली तरच गाडी खाली उतरवा.