'युद्धाचं आहे, गोपनीय' म्हणून पिटाळलं तर

7 मे 2025 ला देशभर हवाई हल्ल्याची मॉक ड्रिल झाली, तेव्हापासून अशोक चौकातल्या आमच्या कट्ट्यावर एकच प्रश्न: भोंगा वाजला तर सोलापूरकरानं पळायचं कुठं? विचारायला गेलं की "गोपनीय आहे ओ, काका." तोंडी विचारूच नका. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. विषय एकच, 150 शब्दांत.

खरी मेख प्रश्नात आहे. "का केलं नाही?" विचारलंत की संपलं, हा कायदा कागद देतो, खुलासे नाही. म्हणून लिहा: "नागरी संरक्षणासाठी 2024-25 मध्ये मिळालेला निधी, खर्चाची बिलं आणि चालू भोंग्यांची यादी, यांच्या प्रती द्याव्यात." सैन्याच्या हालचालींबद्दल चकार शब्द नको. तिथं या कायद्याचं कलम 8, म्हणजे कोणती माहिती नाकारता येते ते सांगणारं कलम, आडवं येतं, आणि यायलाच पाहिजे. पण कागदातलं थोडंच गोपनीय असेल, तर कलम 10 दाखवून उरलेलं मागा.

शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मागची रांग कितीही कुरकुरू दे. 30 दिवसांत उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून.