पेपर तपासताना पोरांचं मन खचू नये म्हणून काय करायचं

घटक चाचणीचे पेपर घरी आणले असतील तर लाल पेन उघडायच्या आधी हे वाचा. मी आठवीला गणित शिकवते. आधी मी पण पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचायचे, जास्तवाल्यापासून कमीवाल्यापर्यंत, आणि शेवटची चार-पाच पोरं नाव यायच्या आधीच मान खाली घालून बसलेली असायची. एकदा एका मुलीने 20 पैकी 6 चा पेपर घेतला आणि बाकावर जाईपर्यंत मार्कांचा कोपरा असा घट्ट दुमडला की कागदच फाटला, आत मी काय लिहिलंय ते तिने बघितलं पण नाही.

तर आधी ही सवय सोडा. पेपर घडी घालून ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, बस.

मग मार्क उशिरा सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. रूथ बटलर म्हणून इस्राएलमधल्या संशोधक आहेत, त्यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेतल्या मुलांचे गट करून काहींना नुसता शेरा दिला, काहींना नुसते मार्क, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं, गोडी पण टिकली, पण शेऱ्यासोबत मार्क दिले तिथे शेऱ्याचा फायदा दिसलाच नाही. म्हणून मी पेपरवर फक्त शेरे लिहिते आणि मार्क माझ्या वहीत ठेवते, एक तास चुका दुरुस्त करायला देते, मार्क दुसऱ्या दिवशी. पोरं पहिल्यांदा खूप मागे लागतात, लागू द्या.

शेरा कसा लिहायचा? 'लक्ष दे', 'निष्काळजीपणा' यातून पोराला एवढंच कळतं की बाई चिडल्यात. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात पाया गुणिले उंची बरोबर केलंय पण निम्मं करायचं राहिलंय, तर तेवढंच लिहा, 'गुणाकार बरोबर, निम्मं करायचं राहिलं, परत करून दाखव'. आणि पायरीचे मार्क द्याच, उत्तर चुकलं म्हणून अख्ख्या गणितावर काट मारली की त्याला वाटतं आपल्याला काहीच येत नाही, आणि ते खरं नसतं. पहिल्या नंबरवाल्याला पण नुसतं 'हुशार' लिहू नका, तो मग अवघड गणिताला हात लावायला घाबरतो, असं मी बघितलंय.

राहिल्या प्रगतीपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदी. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (नुसत्या परीक्षेवर न थांबता वर्षभर पोराची सगळ्या बाजूंनी पारख) आलं तेव्हापासून आपण त्या लिहितोय, पण व्हॉट्सॲपवरच्या तयार यादीतून उतरवलेलं वाक्य पोरं लगेच ओळखतात, कारण शेजारच्याच्या कार्डावर पण तेच असतं. त्यापेक्षा रोज दोन पोरांबद्दल एक-एक ओळ लिहून ठेवा, सत्र संपेपर्यंत सगळा वर्ग होतो. फक्त ती वही टेबलावर उघडी टाकून जाऊ नका, मधल्या सुट्टीत पोरं वाचतात.